पित्ताशयातील खडा आणि आत्यंतिक निवृत्ती

रोग बरा झाला असे म्हणताना नेमके काय घडलेले असते, हा प्रश्न वैद्यकाइतकाच भारतीय दर्शनांचाही आहे. किंबहुना दर्शनांनी तो वैद्यकाच्या परिभाषेतच मांडला आणि मग त्याची व्याप्ती जन्ममरणापर्यंत नेली. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेचा प्रारंभच या प्रश्नाने होतो. आध्यात्मिक, आधिभौतिक आणि आधिदैविक अशा तीन प्रकारच्या दुःखांचा अभिघात, म्हणजे तडाखा, बसतो म्हणून मनुष्य दुःखनिवारणाचा मार्ग शोधू लागतो, असे सांगितल्यावर कारिकाकार लगेच एका आक्षेपाला सामोरे जातात. शरीराच्या दुःखावर औषध आहे, मनाच्या दुःखावर इष्ट वस्तूंची प्राप्ती आहे, मग तत्त्वज्ञानाचा खटाटोप कशाला, असा तो आक्षेप. त्यावरचे उत्तर दोन शब्दांवर उभे आहे. दृष्ट उपाय, म्हणजे डोळ्यांना दिसणारे आणि व्यवहारात वापरले जाणारे उपाय, ‘एकांत’ नसतात आणि ‘अत्यंत’ही नसतात. एकांत म्हणजे उपाय केला की दुःख जाणारच ही खात्री, आणि अत्यंत म्हणजे गेलेले दुःख पुन्हा न उद्भवणे. औषधात या दोन्ही गोष्टी नाहीत, म्हणून औषधाने जिज्ञासा संपत नाही, असा सांख्यांचा निष्कर्ष आहे.

हे विधान सहसा वैराग्याचा उपोद्घात म्हणून वाचले जाते आणि त्यामुळे त्यातील वैद्यकविषयक दाव्याकडे फारसे लक्ष जात नाही. तो दावा एखाद्या प्रत्यक्ष उपचारावर ठेवून तपासला, तर त्याचे बळ आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी स्पष्ट होतात. त्यासाठी विसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत उदयास आलेला आणि थोड्याच वर्षांत मागे पडलेला एक उपचार विलक्षण उपयोगी आहे. पित्ताशयातील खडे शस्त्रक्रियेवाचून, शरीराबाहेर निर्माण केलेल्या आघात-लहरींनी फोडण्याचा तो उपचार होय. त्याच्या यशापयशाचा इतिहास एकांत आणि अत्यंत या दोन शब्दांचाच इतिहास आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

प्रथम ‘पित्त’ या शब्दाविषयी खुलासा आवश्यक आहे, कारण मराठी व्यवहारात ‘पित्त झाले’ म्हणजे छातीत जळजळ झाली, आंबट ढेकर आले, असा अर्थ घेतला जातो. ती आम्लता जठरातली असते आणि तिचा या खड्यांशी संबंध नसतो. आयुर्वेदातील पित्त हा दोष त्याहून व्यापक आहे. येथे अभिप्रेत असलेले पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा, हिरवट-पिवळा, कडू पाचक रस. तो यकृताखाली असलेल्या नासपतीच्या आकाराच्या लहान पिशवीत, म्हणजे पित्ताशयात, साठतो आणि तेथे त्यातील पाणी शोषले जाऊन घट्ट होतो. स्निग्ध अन्न आतड्यात पोचले की पिशवी आकुंचन पावते आणि रस पित्तनलिकेवाटे आतड्यात उतरतो. कोलेस्टेरॉल हा मेदासारखा पदार्थ पाण्यात विरघळत नाही. पित्तात तो विरघळलेला राहतो तो पित्तक्षार आणि लेसिथिन या दोन घटकांच्या आधारामुळे. या तिघांचे प्रमाण बिघडून कोलेस्टेरॉल आधारापेक्षा जास्त झाले, त्याचे स्फटिक बनू लागले, पित्ताशयाच्या आवरणातून पाझरणाऱ्या श्लेष्म्यात ते अडकले आणि पिशवी पुरेशी रिकामी होत नसली, की स्फटिकांवर थर चढत खडा तयार होतो. कोलेस्टेरॉल या शब्दाचे मूळही ‘पित्त’ आणि ‘घन’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांत आहे, कारण हा पदार्थ प्रथम पित्ताच्या खड्यांतच ओळखला गेला.

सुश्रुतसंहितेत अश्मरीचे, म्हणजे खड्याचे, जे निदान आहे ते मूत्राशयातील खड्याचे आहे; पित्ताश्मरी हा जोडशब्द अर्वाचीन आहे आणि प्राचीन ग्रंथांत आजचे ज्ञान शोधण्याचा मोह येथे टाळलेलाच बरा. तरीही सुश्रुताने खडा कसा जमतो हे सांगताना योजलेला दृष्टांत येथे चपखल लागू पडतो. नव्या घटात भरलेल्या स्वच्छ पाण्याच्या तळाशीही काही काळाने गाळ साचतो, तसा बस्तीमध्ये, म्हणजे मूत्राशयात, खडा होतो, असे तो म्हणतो. या दृष्टांतात तीन गोष्टी आहेत: द्रव, पात्र आणि काळ. खड्यावरच्या प्रत्येक उपचाराला या तिघांपैकी कशावर हात घालायचा ते ठरवावे लागते, आणि पुढचा सगळा वाद त्या निवडीचा आहे.

आघात-लहरींचे यंत्र वैद्यकात जन्माला आले नाही. फ्रीड्रिखशाफेन येथील डॉर्नियर या विमाने बनवणाऱ्या कंपनीत, ध्वनीपेक्षा अधिक वेगाने जाणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळले की काय होते याचा अभ्यास सुरू होता आणि त्यातून आघात-लहर घन पदार्थाचे काय करते हे कळत गेले. म्युनिकच्या ग्रोसहाडेर्न रुग्णालयात ख्रिस्तियान शाउसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७ फेब्रुवारी १९८० रोजी मूत्रपिंडातील खड्यावर हा उपचार माणसात प्रथम केला. रुग्णाला पाण्याच्या हौदात ठेवले जाई आणि पाण्याखाली विजेची ठिणगी पाडली जाई. ठिणगीभोवतीचा धातूचा परावर्तक लंबवर्तुळाच्या आकाराचा असे. लंबवर्तुळाला दोन नाभी असतात आणि एका नाभीतून निघालेली प्रत्येक लहर परावर्तित होऊन दुसऱ्या नाभीत येऊन मिळते, या भूमितीवर सगळी योजना उभी होती. दुसऱ्या नाभीत खडा येईल असे रुग्णाचे शरीर ठेवायचे. मांस आणि पाणी यांची ध्वनीला होणारी रोधकता जवळपास सारखी असल्याने लहर पाण्यातून शरीरात फारशी शक्ती न गमावता शिरते. खड्याच्या सीमेवर मात्र रोधकता एकदम बदलते, तेथे दाब आणि ताण निर्माण होतात, भोवतालच्या द्रवात सूक्ष्म बुडबुडे उठून फुटतात आणि शेकडो तडाख्यांनंतर खडा भंगतो. सांख्यकारिकेत दुःखाच्या तडाख्याला अभिघात म्हटले आहे. येथे अभिघात हाच उपाय झाला.

हाच उपाय पित्ताशयाकडे वळवण्याचे काम म्युनिकमध्येच टिलमन साउअरब्रुख, गुस्टाफ पाउमगार्टनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ पासून केले आणि १९८६ मध्ये पहिल्या १४ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकी ९ जणांचे खडे पित्ताशयात आणि ५ जणांचे पित्तनलिकेत होते. मूत्रपिंडाच्या तुलनेत येथे एक मोठी अडचण होती. मुतखड्याचे तुकडे लघवीच्या प्रवाहाबरोबर वाहून जातात. पित्ताशयाला असा सततचा प्रवाह नाही. तुकड्यांना अरुंद, वळणावळणाच्या नलिकेतून मुख्य पित्तनलिकेत आणि तेथून आतड्याच्या तोंडाशी असलेल्या झडपेतून बाहेर पडावे लागते. म्हणून तडाख्यांच्या जोडीला पित्ताम्लांच्या गोळ्या कित्येक महिने दिल्या जात. त्यांतील एकाच्या नावात ‘अस्वल’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, कारण ते आम्ल प्रथम अस्वलाच्या पित्तात आढळले. हे औषध पित्तातील कोलेस्टेरॉलचे प्रमाण उतरवते आणि उरलेली भुकटी हळूहळू विरघळवते. तडाखा खड्यावर काम करतो आणि औषध द्रवावर. म्हणजे सुश्रुताच्या दृष्टांतातील पात्र वगळता बाकीच्या गोष्टींना हा उपचार स्पर्श करतो.

१९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या १७५ रुग्णांच्या अहवालात दोन महिन्यांच्या आत सुमारे ३० टक्के रुग्णांचे, आणि बारा ते अठरा महिन्यांनी तपासलेल्यांपैकी सुमारे ९१ टक्के रुग्णांचे पित्ताशय खड्यांपासून मुक्त झाल्याचे दिसले. पण या आकड्यांमागे निवड होती. खडे तीनपेक्षा जास्त नकोत, त्यांचा व्यास ३० मिलिमीटरच्या आत हवा, त्यांत चुना साचलेला नको आणि पित्ताशय आकुंचन पावणारे हवे, या अटींत बसणारे रुग्ण एकूण रुग्णांचा लहान भाग होते. शिवाय तुकडे बाहेर पडताना सुमारे एक-तृतीयांश रुग्णांना पोटशूळ उठे आणि क्वचित स्वादुपिंडाला सूज येई. एकांताचा अभाव तो हा. अत्यंताचा अभाव कळायला आणखी काही वर्षे लागली: खडे नाहीसे झालेल्या रुग्णांपैकी पाच वर्षांत तिसऱ्या हिश्श्यापासून जवळजवळ निम्म्यापर्यंत लोकांच्या पित्ताशयात खडे पुन्हा झाले.

‘पुन्हा झाले’ हा शब्दप्रयोग विचार करण्याजोगा आहे. जो खडा फुटला, विरघळला, तो परत येत नाही. येतो तो दुसराच. न्यायदर्शनाने अभावाचे जे प्रकार मानले आहेत, त्यांतील दोन येथे लागतात. वस्तू नष्ट झाल्यावर तिचा जो अभाव होतो, तो प्रध्वंसाभाव. त्याला आरंभ आहे पण अंत नाही, कारण फुटलेला घट तोच घट म्हणून कधीही जन्म घेत नाही. वस्तू उत्पन्न होण्यापूर्वीचा तिचा अभाव तो प्रागभाव. त्याला आरंभ नाही पण अंत आहे, कारण वस्तू जन्मली की तो संपतो. ज्या ठिकाणी वस्तू पुढे उत्पन्न होणार असते, त्याच ठिकाणी तिचा प्रागभाव राहतो. म्हणून प्रागभाव म्हणजे केवळ ‘अजून नाही’ एवढेच नव्हे. ‘येथे होणार आहे’ हा त्याचा गर्भितार्थ आहे. आघात-लहरींनी रुग्णाच्या पित्ताशयात एका खड्याचा ध्वंस उत्पन्न झाला आणि तो ध्वंस, न्यायाच्या दृष्टीने, खरोखरच अनंत आहे. त्या खड्याबाबत उपचार पूर्ण यशस्वी झाला. मात्र त्याच पित्ताशयात पुढच्या खड्याचा प्रागभावही नांदत होता. एकाच पिशवीत एका खड्याचा ध्वंस आणि दुसऱ्या खड्याचा प्रागभाव असे दोन अभाव एकत्र होते, आणि क्ष-किरण किंवा ध्वनिचित्रण या दोन अभावांतला भेद दाखवू शकत नाही. दोन्ही तपासणीत रिकामेच दिसतात.

नैयायिकांनी मोक्षाची जी व्याख्या केली, ती नेमकी याच अडचणीतून घडलेली आहे. मोक्ष म्हणजे दुःखाचा ध्वंस, एवढेच म्हटले तर प्रत्येक जेवणानंतर भुकेच्या दुःखाचा ध्वंस होतो, म्हणून प्रत्येक जेवण हा मोक्ष ठरेल. म्हणून नव्य नैयायिक विशेषण जोडतात: त्याच अधिकरणात, म्हणजे त्याच आश्रयस्थानी, राहणाऱ्या दुसऱ्या दुःखाच्या प्रागभावाबरोबर जो नांदत नाही, असा दुःखध्वंस म्हणजे मोक्ष. शब्द अवघड आहेत, पण अर्थ सरळ आहे. शेवटचे दुःख गेले आणि पुढे येणारे कोणतेही दुःख त्या आत्म्याच्या वाट्याला उरले नाही, तरच ती निवृत्ती आत्यंतिक. तर्कशास्त्रातील कोरडी मानली जाणारी ही व्याख्या एखाद्या रुग्णशय्येजवळ इतकी उजळते, हे तिच्या कर्त्यांच्या श्रमाचे सार्थक आहे. खडा फुटल्यानंतर रुग्ण जो प्रश्न विचारतो, ‘आता परत होणार नाही ना?’, तो प्रश्न प्रागभावाचाच आहे.

या प्रश्नाला शस्त्रवैद्यकाने आधीच एक उत्तर देऊन ठेवले होते. बर्लिनच्या लाझारुस रुग्णालयात कार्ल लांगेनबुख यांनी १५ जुलै १८८२ रोजी एका ४३ वर्षांच्या पुरुषाचे पित्ताशयच काढून टाकले. त्याआधी, अमेरिकेत १८६७ पासून, शल्यवैद्य पित्ताशय उघडत, खडे काढत आणि पिशवी जागच्या जागी ठेवत असत. लांगेनबुख यांचा मुद्दा असा होता की हे लोक रोगाच्या उत्पादनाशी झुंजत आहेत, रोगाशी नव्हे. पित्ताशय काढायचे ते त्यात खडे आहेत म्हणून नव्हे, तर ते खडे घडवते म्हणून. घोडा आणि हत्ती यांना पित्ताशय नसूनही त्यांचे काही अडत नाही, आणि कुत्र्यांचे पित्ताशय काढल्यावरही ती जगतात हे सतराव्या शतकापासून माहीत होते. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमचे लॉसन टेट मात्र पित्ताशय उघडून खडे काढण्याच्याच पक्षाचे होते आणि अवयव काढून टाकण्याला त्यांचा विरोध होता. शंभर वर्षांनी म्युनिकमध्ये जे घडले, ते टेट यांच्या पक्षाचे पुनरुज्जीवन होते. चाकूऐवजी लहर आली, पण खडा घालवायचा आणि पिशवी राखायची ही भूमिका तीच राहिली.

आता लांगेनबुख यांचे उत्तर न्यायाच्या व्याख्येत बसते का, हे पाहिले पाहिजे, आणि येथे विचाराची खरी गाठ आहे. पित्ताशय काढल्यावर त्यात खड्याचा प्रागभाव राहत नाही हे खरे, पण तो राहत नाही याचे कारण प्रागभावाला राहायला जागाच उरलेली नाही. व्याख्येत ‘त्याच अधिकरणात’ हे शब्द आहेत. नैयायिकांचे अधिकरण आत्मा आहे आणि आत्मा नित्य आहे; मोक्षात तो नाहीसा होत नाही, तो असतो आणि तरीही त्यात दुःखाचा प्रागभाव नसतो. आश्रय शाबूत ठेवून संभाव्यता घालवणे हे मोक्षाचे वैशिष्ट्य आहे. शस्त्रक्रियेने आश्रयच काढला. घर पाडल्यावर त्यात चोर शिरणार नाही हे विधान खोटे नाही, पण ती घराची सुरक्षा नव्हे. शिवाय ज्या यकृताने कोलेस्टेरॉलने भारलेले पित्त पाझरवले, ते यकृत शस्त्रक्रियेनंतरही तसेच असते. द्रव तोच राहिला, गेले ते पात्र. म्हणजे लांगेनबुख यांनी रोगाच्या उत्पादनावरून रोगाच्या कारणाकडे लक्ष नेले असे जे म्हटले जाते, ते अर्धेच खरे आहे. त्यांनी निमित्तकारणांपैकी एकाला हात घातला. ज्यातून खडा घडतो ते उपादान त्यांच्या चाकूच्या बाहेर होते.

परंतु अधिकरण म्हणजे पित्ताशय असेच मानायला हवे का? येथे सुश्रुताची व्याधीची व्याख्या मदतीला येते. पुरुषाशी, म्हणजे पंचमहाभूतांचे शरीर आणि आत्मा यांच्या समवायाशी, दुःखाचा संयोग तो व्याधी, असे त्याने म्हटले आहे. व्याधी पिशवीला होत नाही, माणसाला होतो. अधिकरण जर माणूस असेल, तर पित्ताशय गेल्यावरही अधिकरण शाबूत आहे. त्याच माणसात पूर्वी पोटशूळ होता आणि आता पुढच्या पोटशूळाचा प्रागभाव, नलिकेत क्वचित होणारे खडे सोडले तर, नाही. या अर्थाने लांगेनबुख यांचा उपचार आत्यंतिकाच्या पुष्कळ जवळ जातो आणि लहरींचा उपचार त्यापासून दूर राहतो. अवयव राखणे म्हणजे रुग्णाची अखंडता राखणे, अशी जी भावना लहरींच्या उपचारामागे होती, ती आदरणीय आहे. पण त्या भावनेने रोगाचे अधिकरण चुकीच्या ठिकाणी, म्हणजे अवयवात, मानले होते, असे म्हणावे लागते. श्रीहर्षाच्या नैषधीयचरितात न्यायसूत्रकार गौतमाच्या मुक्तीवर ती दगड होण्याची मुक्ती आहे असा कटाक्ष आहे, कारण तीत सुखही उरत नाही. पित्ताशय काढण्यावर असा आक्षेप घेता येत नाही. पित्त आतड्यात थेट झिरपत राहते, बहुतेकांना अन्न पचते, माणूस जेवतो आणि जगतो. दुःखाबरोबर सुखाची क्षमता गेली असे होत नाही.

व्याधी माणसाला होतो, हे मान्य केले की आणखी एक प्रश्न उभा राहतो आणि तो अधिक कठीण आहे. पित्ताशयात खडे असलेल्या बहुसंख्य लोकांना ते आहेत हे ठाऊकही नसते; दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या ध्वनिचित्रणात ते दिसतात. अशा मूक खड्यांपैकी दर वर्षी शंभरांत एखाददुसराच दुखू लागतो. सुश्रुताच्या व्याख्येनुसार दुःखसंयोग नाही, म्हणून येथे व्याधी नाही. चरकाची व्याख्या वेगळी आहे: धातूंचे वैषम्य म्हणजे विकार आणि साम्य म्हणजे प्रकृती. पित्तातील घटकांचे प्रमाण बिघडल्याशिवाय कोलेस्टेरॉलचा खडा होत नाही, म्हणून या दृष्टीने मूक खडाही विकाराची खूण ठरतो. त्याच ठिकाणी चरक आरोग्याला सुख आणि विकाराला दुःख असेही म्हणतो, म्हणजे दोन्ही अर्थ त्याला दिसत होते. पतंजलीच्या योगसूत्रांत टाळण्याजोगे दुःख कोणते याचे उत्तर, जे अजून आलेले नाही ते, असे आहे. गेलेले भोगून झाले आणि चालू क्षणाचे भोगले जात आहे, म्हणून टाळता येते ते फक्त अनागत. या सूत्राचा आधार घेऊन मूक खड्यावरही चाकू चालवावा, असे कोणी म्हणेल. पण अनागत दुःख टाळताना दुसरे अनागत दुःख ओढवून घेतले जात असेल, तर हिशोब करावा लागतो, आणि बहुतेक मूक खड्यांच्या बाबतीत तो हिशोब थांबण्याच्या बाजूने लागतो. सुश्रुतानेही मूत्राशयाच्या खड्यावर शस्त्र चालवण्यापूर्वी, न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास संशय, अशा स्थितीतच आणि अधिपतीला विचारूनच हे कर्म करावे, असे बजावले आहे. शस्त्राचा अनेकांत, म्हणजे अनिश्चितता, लहरींच्या अनिश्चिततेहून वेगळ्या जातीचा आहे; लहर चुकली तर खडा राहतो, शस्त्र चुकले तर माणूस राहत नाही.

योगसूत्रांवरील व्यासभाष्यात योगशास्त्राची तुलना चिकित्साशास्त्राशी केली आहे. रोग, रोगाचे कारण, आरोग्य आणि औषध असे चिकित्सेचे चार विभाग, तसे संसार, संसाराचे कारण, मोक्ष आणि मोक्षाचा उपाय. ही तुलना दर्शनांनी मोठ्या अभिमानाने केली, पण तिच्यात एक उसनवारी आहे, जी परत करायची राहून गेली. चिकित्सेचा आराखडा घेऊन दर्शनांनी आत्यंतिकता हा आपला निकष त्यात घातला आणि मग त्याच निकषावर चिकित्सेला अपुरी ठरवले. चिकित्सेने आत्यंतिकतेचे वचन मुळात दिले होते का? चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात या प्रश्नाचा फार सूक्ष्म विचार आहे आणि तो सांख्यकारिकेच्या पहिल्या कारिकेसमोर ठेवून वाचण्यासारखा आहे. तेथे सिद्धांत असा मांडला आहे की पदार्थांच्या उत्पत्तीला कारण लागते, नाशाला लागत नाही. धातू आपापल्या स्वभावानेच क्षणोक्षणी उपरम, म्हणजे नाश, पावतात. याला स्वभावोपरमवाद म्हणतात. त्यावर अग्निवेश गुरूला अगदी योग्य शंका विचारतो: विषम धातू आपोआपच नष्ट होत असतील, तर वैद्य करतो काय? पुनर्वसू आत्रेयाचे उत्तर असे की वैद्य विषम धातूंचा नाश करत नाही. विषम कारणे सोडायला लावून आणि सम कारणे सेवन करायला लावून तो पुढच्या क्षणी जन्मणाऱ्या धातूंची परंपरा सम करतो. वैषम्याची साखळी पुढे चालू नये आणि साम्याची चालावी, एवढेच चिकित्सेचे काम.

हा विचार स्वीकारला की खडा पुन्हा होणे हे चिकित्सेचे पराभवपत्र राहत नाही. शरीर हे एकदा दुरुस्त करून ठेवायचे यंत्र नसून क्षणोक्षणी नव्याने घडणारी परंपरा आहे; यकृत रोज नवे पित्त पाझरवते आणि त्या पित्तातील समता रोज नव्याने राखावी लागते. लहरींच्या उपचारात औषधाच्या गोळ्या महिनोन् महिने चालू ठेवण्यामागचे तत्त्व हेच होते, आणि गोळ्या थांबल्या की परंपरा मूळच्या वैषम्याकडे वळत असे, हीच त्या उपचाराची व्यथाही होती. सांख्यांनी दृष्ट उपायांवर ठेवलेला आरोप वस्तुस्थिती म्हणून खरा आहे, हे आकड्यांनी दाखवले. परंतु जे आत्यंतिक नाही ते निरुपयोगी, हे त्या आरोपातून निघत नाही. सांख्यकारिकेचे टीकाकार वाचस्पती मिश्र यांनीही दृष्ट उपायांनी दुःखनिवृत्ती होते हे नाकारलेले नाही, तिची अपरिहार्यता आणि अंतिमता तेवढी नाकारली आहे. ज्या माणसाचा पोटशूळ पाच वर्षे गेला, त्याला ती पाच वर्षे मिळाली आहेत. त्या काळाला केवळ पुढच्या दुःखाची प्रतीक्षा ठरवणे हा दुःखी माणसावर अन्याय आहे, आणि मोक्षशास्त्राच्या नावाने तो वारंवार झालेला आहे.

प्रत्यक्षात म्युनिकच्या उपचाराचा निकाल तत्त्वचर्चेने लागला नाही. जर्मनीतील ब्योब्लिंगेन येथे एरिख म्यूहे यांनी सप्टेंबर १९८५ मध्ये, म्हणजे म्युनिकमध्ये पित्ताशयावर लहरींचे प्रयोग सुरू झाले त्याच वर्षी, दुर्बिणीच्या साहाय्याने लहान छिद्रांतून पित्ताशय काढले. १९८७ मध्ये लियॉंचे फिलिप मूरे यांनी आणि नंतर पॅरिसच्या शल्यवैद्यांनी ही पद्धत पुढे नेली. भारतात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये ही शस्त्रक्रिया केली. पोट उघडण्याची भीती आणि दीर्घ रुग्णालयवास ही लहरींची मुख्य समर्थने होती. ती समर्थने नाहीशी झाल्यावर गोळ्यांची आणि पुनरावृत्तीची वाट पाहायला कोणी तयार राहिले नाही, आणि १९९० च्या दशकात पित्ताशयावरील लहरींची केंद्रे बहुतेक ठिकाणी ओस पडली.

मूत्रपिंडात मात्र हाच उपचार टिकला. मुतखडाही पुन्हा होतो, पुष्कळांना होतो, पण खडा पुन्हा होऊ नये म्हणून कोणी मूत्रपिंड काढून टाकत नाही. येथे निर्णय खड्याच्या स्वरूपावरून झाला नाही, पात्र टाकून देण्याजोगे आहे की नाही यावरून झाला. स्वादुपिंडाची गोष्ट त्याहून अवघड. दीर्घकालीन स्वादुपिंडदाहात, विशेषतः दक्षिण भारतात पूर्वापार आढळणाऱ्या प्रकारात, तरुण वयातच त्या ग्रंथीच्या नलिकेत चुन्याचे खडे होतात आणि वेदना असह्य असतात. स्वादुपिंड पचनाचा रसही देते आणि इन्शुलिनही. ते समूळ काढले तर माणूस आयुष्यभर इन्शुलिनवर अवलंबून राहतो. म्हणून म्युनिकमध्ये पित्ताशयाकडे वळवलेला आणि पित्ताशयाने नाकारलेला उपाय येथे कामाला आला. हैदराबादच्या पचनविकारांच्या एका रुग्णालयात स्वादुपिंडाच्या खड्यांवर हजाराहून अधिक रुग्णांना आघात-लहरी दिल्या गेल्या. लहरींनी खडा बारीक होतो, मग दुर्बिणीतून नलिका स्वच्छ केली जाते. काहींना काही वर्षांनी वेदना पुन्हा होतात, आणि ते पुन्हा येतात, आणि पुन्हा त्याच यंत्राखाली त्यांना झोपवले जाते.